विसरले हे बटण

पहाटेचे पावणेचार. वसतिगृहाच्या खोलीत
आणखी तिघी झोपलेल्या, म्हणून ओठांतल्या ओठांत.
एका कानात इअरफोन, त्यात तोक्योची बाई,
जिला कधी सर्दी होत नाही,
जिच्या मागे कधी दार वाजत नाही.
ती म्हणते, हाशि. आणि थांबते, माझ्यासाठी.
वरून खाली आलं तर जेवायच्या काड्या.
खालून वर गेलं तर पूल.
कड म्हणायची तरी तसंच, खालून वर.
फरक पुढचं अक्षर आल्यावर कळतो:
पुलावरून ते खाली पडतं, कडेवरून पडत नाही.
हसू नका. नियमच तसा आहे.

वाटलं होतं, मला सोपं जाईल.
माझ्या भाषेत एका 'मा'चे सहा सूर:
भूत, आई, थडगं, भाताचं रोप,
सगळी एकाच तोंडात राहतात, कुणी कुणाला धक्का देत नाही.
मी अडले ते लांबीवर. ओबासान, ओबाऽसान.
एक मात्रा कमी पडली की आजीची मावशी होते
आणि खूश होऊन तुम्हाला संत्रं देते.

हारिमाच्या किनाऱ्यावर, कालवांच्या शेडमध्ये
पहिल्याच सोमवारी मी मोठ्याने म्हटलं, काकि.
अगदी कार्डावरच्यासारखं, वरून खाली.
अकरा सुऱ्या थांबल्या. मग हशा.
मुकादम म्हणाला, तोआ-सानने आज
दोन टन पर्सिमन सोलले!
या किनाऱ्यावर सूर उलटे आहेत.
इथे खालून वर गेलं तर कालव,
वरून खाली आलं तर झाडावरचं केशरी फळ.
हे कुठल्याच कार्डावर नव्हतं.

मी रडले नाही. माझ्या न्घे आनच्या बोलीलाही
हनोईत दुकानदार हसतात.

शेजारच्या फळीवर तोमिए-सान. एकोणऐंशी वर्षांची,
डाव्या अंगठ्याला नख नाही. ती हसली नव्हती.
जेवणाच्या सुट्टीत तिने फोनकडे हनुवटी केली:
ती पोरगी आमच्याकडची नाही. आण इकडे.

त्या हिवाळ्यात दोनशे बारा कार्डं.
किते, कित्ते, कीते. ये. काप. ऐक.
प्रत्येक शब्दामागे शिंपले कोसळतात, नळ वाहतो,
रेडिओ भरतीच्या वेळा सांगतो.
'पूल' म्हणण्याआधी ती खोकली आहे,
त्यामुळे मीही अजून पुलाआधी जरा खोकते.

या कार्डांचा हिशेब विचित्र असतो.
जे येत नाही ते रोज भेटतं.
आलं, पाठ झालं, की ते चार दिवसांनी, मग महिन्याने,
मग पुढच्या वर्षी केव्हातरी.
जे पक्कं आपलं झालं, ते असं लांब लांब जातं.

मार्चमध्ये तोमिए-सानची सुरी
खिळ्याला टांगलेलीच राहिली.
मुलगा येऊन गमबूट घेऊन गेला. सुरी नाही नेली.

आता फोन विचारतो: आठवलं, की विसरले?
कालव. खालून वर. झोपेतही चुकणार नाही.
मी दाबते, विसरले.
पूल. विसरले.
म्हणजे उद्या पहाटे ती पुन्हा येईल, खोकत.
परीक्षेच्या वर्गातले सर माझा तक्ता बघून
काळजीत पडतात: तोआ-सान, इतके सोपे शब्द?

एका कार्डाच्या मागे अर्थच लिहिलेला नाही.
रेकॉर्डिंग सुरू झालंय हे तिला कळलं नव्हतं.
आधी श्वास. सुरी फळीवर ठेवल्याचा आवाज.
मग, मोऽ एएन् के?
झालं का, म्हणू का आता?
पुढे चार सेकंद नुसता नळ.
त्या चार सेकंदांत मी हो म्हणते,
आमच्याकडे मोठ्या माणसांना म्हणतात तसं,
सूर खाली ठेवून.